विंचूदंशाच्या संशोधनाचे संदर्भजाळे: बाण कसे काढावेत आणि त्यांवर खुणा कशा कराव्यात

मे-जून महिन्यांत मराठवाड्यातील कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागाची नोंदवही उघडली, तर तिच्यात विंचूदंशाचे रुग्ण हमखास सापडतात. पेरणीआधी बांधावरचे दगड हलवताना, कडब्याची गंजी उपसताना किंवा सरपणासाठी रचून ठेवलेली पऱ्हाटी ओढताना नांगी बसते. अंधारात काय चावले हे रुग्णाला सांगता आले नाही, की नोंदीत नुसते ‘अननोन बाईट’ असे लिहिले जाते. या विषयावर प्रबंध घेणारे पदव्युत्तर विद्यार्थी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांची मागणी बहुधा एकच असते: “मॅडम, चाळीस-पन्नास रेफरन्स काढून द्या.”

रेफरन्स काढून देणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. त्या पन्नास लेखांपैकी कोणता कोणाच्या आधारावर उभा आहे, कोणी कोणाचे न वाचताच नाव घेतले आहे, आणि परस्परविरोधी वाटणारे दोन निष्कर्ष एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत की दोन वेगळ्या प्रश्नांची, हे शोधण्याला मात्र तीन-चार आठवडे लागतात आणि ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’ या प्रकरणाचे खरे काम तेच असते. ते कसे करावे, हे विंचूदंशाचे एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून येथे मांडले आहे. सर्पदंश, फ्लोरोसिस किंवा कीटकनाशकांची विषबाधा असा दुसरा विषय असला, तरी रीत हीच राहील.

जाळे म्हणजे काय, आणि ते एकटे का पुरत नाही

प्रत्येक लेख ही एक गाठ मानावी. ‘क’ या लेखाने आपल्या संदर्भयादीत ‘ख’ या लेखाचे नाव घेतले असेल, तर ‘क’कडून ‘ख’कडे एक बाण काढावा. नवा लेख जुन्याचे नाव घेतो, त्यामुळे बाण जवळपास नेहमी काळात मागे जातो. सर्व बाण काढून झाले की जे तयार होते, ते संदर्भजाळे किंवा सायटेशन नेटवर्क होय. संदर्भांची अशी सूची करावी, ही कल्पना युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली आणि १९६४ मध्ये त्यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रत्यक्षात आली. डेरेक डी सोला प्राइस यांनी १९६५ मध्ये या संदर्भांकडे जाळे म्हणून पाहून दाखवले. एवढा इतिहास प्रबंधाच्या प्रस्तावनेसाठी पुरेसा आहे.

बाण फक्त नाव घेतल्याचे सांगतो. नाव कशासाठी घेतले, म्हणजे आधार म्हणून, खोडण्यासाठी, पद्धत उसनी घेण्यासाठी की केवळ रिवाज म्हणून, हे बाणात दिसत नाही. याचा सर्वांत बोलका पुरावा स्टीव्हन ग्रीनबर्ग यांनी २००९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दिला. ‘इन्क्लुजन बॉडी मायोसायटिस’ या स्नायूंच्या आजारात बीटा-अमायलॉइड हे प्रथिन स्नायूंत तयार होऊन त्यांना इजा करते, असा एकच दावा त्यांनी घेतला. त्याविषयीचे २४२ लेख आणि त्यांच्यातील ६७५ संदर्भ तपासल्यावर त्या दाव्याकडे नेणारे २,२०,५५३ मार्ग मोजता आले. मार्गांचे हे अवाढव्य जाळे थोड्याच मूळ लेखांवर तोललेले होते आणि दाव्याला कमकुवत करणाऱ्या प्रयोगांकडे फारसे कोणी बाण काढलेच नव्हते. एके ठिकाणी ‘असे असू शकते’ म्हणून लिहिलेले वाक्य पुढच्या लेखांत ‘असे आहे’ झाले होते. ग्रीनबर्ग यांना हे दिसले, कारण त्यांनी बाण मोजण्याबरोबरच प्रत्येक बाणामागचे वाक्य वाचले होते. या वाचनाची शिस्तशीर नोंद म्हणजेच अ‍ॅनोटेशन. त्यासाठी मी ‘खूण करणे’ असा साधा शब्द वापरणार आहे.

दावा एका वाक्यात लिहावा

‘विंचूदंशावरील उपचार’ या विषयाभोवती जाळे विणायला घेतले, तर ते कधीच पुरे होत नाही. जाळे दाव्याभोवती विणावे, आणि तो दावा कागदाच्या माथ्यावर एका वाक्यात लिहावा. आपल्या उदाहरणात तो असा: ‘विंचूदंशात प्रतिविष दिल्याने रुग्णाला फायदा होतो.’ हे वाक्य मुद्दाम ढोबळ ठेवले आहे. कोणता विंचू, कोणता रुग्ण, कोणता फायदा, हे तीनही प्रश्न त्यात मोकळे आहेत आणि पुढे खुणा करताना तेच भरून काढायचे आहेत.

या दाव्याशी निगडित चार-पाच ठळक लेख आधी हाती घ्यावेत. मूळचे जालना जिल्ह्यातील आणि महाडला वैद्यकी करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातील १९८२ चे लाल विंचवाच्या दंशानंतरच्या हृदयविषयक लक्षणांवरील लेखन आणि १९८६ चे प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाच्या वापराविषयीचे लेखन ही आपल्याकडची सुरुवात आहे. त्यानंतर लॅन्सेटमध्येच १९९९ साली आलेली ट्युनिशियातील ८२५ रुग्णांची चाचणी, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २००९ साली आलेली अ‍ॅरिझोनातील १५ बालकांची चाचणी, आणि ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०११ साली आलेली महाडच्या ७० रुग्णांची चाचणी घ्यावी. या लेखांना बीजलेख म्हणू. यांच्याकडे येणारे आणि यांच्यापासून निघणारे बाण गोळा केले की जाळ्याचा गाभा तयार होतो.

शोध: शब्द आणि शीर्षके दोन्ही

पबमेड या वैद्यकीय लेखांच्या मोफत शोधसूचीत साडेतीन कोटींहून अधिक लेखांच्या नोंदी आहेत आणि त्यांपैकी मेडलाइन या निवडक भागातील नोंदींना ‘मेश’ या नियंत्रित शब्दसंग्रहातील विषयशीर्षके दिलेली असतात. हा संग्रह अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९६० पासून चालवला आहे. मेशमध्ये ‘स्कॉर्पिअन स्टिंग्ज’ हे शीर्षक ‘बाइट्स अँड स्टिंग्ज’ या व्यापक शीर्षकाखाली येते. व्यापक शीर्षकाने शोध घेतला, तर त्याखालची सर्व अरुंद शीर्षके आपोआप सामावली जातात. आपल्या नोंदवहीतील ‘अननोन बाईट’सारख्या रुग्णांवरचे लेख शोधायचे असतील, तर व्यापक शीर्षकापासूनच सुरुवात करावी.

केवळ मेशवर भिस्त ठेवू नये. पबमेडमधील काही नोंदी मेडलाइनमध्ये नसतात आणि त्यांना ही शीर्षके मिळतच नाहीत. २०२२ पासून शीर्षके देण्याचे काम संगणकीय पद्धतीने होते, त्यामुळे वेग वाढला आहे, पण चुकीचे शीर्षक चिकटण्याची शक्यता उरतेच. म्हणून मेशच्या जोडीला शीर्षक आणि सारांशातील शब्दांचाही शोध घ्यावा. ‘स्टिंग’बरोबर ‘एन्व्हेनोमेशन’ आणि ‘एन्व्हेनोमिंग’ हे दोन्ही शब्द घालावेत, कारण लेखक दोन्ही वापरतात. विंचवाच्या शास्त्रीय नावाची तीनही रूपे घालणे तर अत्यावश्यक आहे. भारतीय लाल विंचवाला जुन्या लेखांत ‘ब्यूथस टॅम्युलस’, नंतरच्या लेखांत ‘मेसोब्यूथस टॅम्युलस’ आणि अलीकडच्या लेखांत ‘होटेंटोटा टॅम्युलस’ म्हटले आहे. प्राणी तोच आहे, नावाचा पहिला शब्द बदलत गेला. एकाच नावाने शोधणाऱ्या विद्यार्थ्याच्या जाळ्यातून एखादे अख्खे दशक गळून जाऊ शकते.

शोधाचे पूर्ण वाक्य, तारीख आणि मिळालेल्या नोंदींची संख्या त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावी. ‘नंतर लिहू’ म्हटले की ते राहून जाते आणि परीक्षक नेमके तेच विचारतात.

बाण गोळा करणे

पबमेडमधून उतरवून घेतलेल्या साध्या फायलीत लेखाच्या संदर्भयादीचे बाण येत नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसते. ती फाईल व्हीओएसव्ह्यूअर या जाळ्याचे चित्र काढणाऱ्या संगणकप्रणालीत टाकून सहलेखकांचे किंवा शब्दांचे जाळे निघते आणि विद्यार्थी त्यालाच संदर्भजाळे समजून प्रबंधात चिकटवतो. बाणांसाठी दोन मोफत मार्ग आहेत. पहिला, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे ‘आयसाइट’. यात पबमेड क्रमांकांची यादी टाकली की प्रत्येक लेखाने कोणाचे नाव घेतले आणि त्याचे नाव कोणी घेतले, हे क्रमांकांच्या रूपात तक्त्यात मिळते. दुसरा, ‘ओपनअ‍ॅलेक्स’. यात पबमेडबाहेरचे लेखही सापडतात, म्हणून भारतीय नियतकालिकांसाठी तो अधिक उपयोगी पडतो. लेखांना डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक देणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेने २०२२ मध्ये आपल्याकडच्या सर्व संदर्भयाद्या खुल्या केल्या, त्याचा फायदा अशा साधनांना झाला आहे.

तरीही दोन्ही ठिकाणी जुन्या लेखांच्या याद्या अपुऱ्या असतात. प्रकाशकाने यादी जमा केलीच नसेल, तर बाण दिसणार नाही. त्यामुळे बीजलेखांच्या संदर्भयाद्या छापील लेखावरून हाताने तपासाव्यात. पाच लेखांसाठी हे एका दुपारचे काम आहे. पूर्ण लेख मिळवण्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचा ‘ईआरमेड’ संघ आहे आणि शासकीय उच्च शिक्षण संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली आहे. आपल्या ग्रंथपालांना विचारले, तर प्रवेश कसा मिळवायचा हे ते सांगतील. ओळखीच्या माणसाकडून फोनवर पीडीएफ मागवण्याआधी हे एकदा करून पाहावे.

बाणांचा तक्ता दोन स्तंभांचा असतो: पहिला ‘सोर्स’, म्हणजे नाव घेणारा, आणि दुसरा ‘टार्गेट’, म्हणजे ज्याचे नाव घेतले तो. येथे माझी स्वतःची एक फजिती सांगते. पहिल्यांदा असे जाळे केले, तेव्हा मी दोन्ही स्तंभांची अदलाबदल केली होती. चित्रात सर्वांत मोठे वर्तुळ उमटले ते त्याच वर्षी आलेल्या एका आढावा लेखाचे. दीडशेहून अधिक संदर्भ देणारा तो लेख दीडशेहून अधिक जणांनी गौरवलेला दिसू लागला. मी ते चित्र विभागाच्या बैठकीत दाखवले, सर्वांनी माना डोलावल्या, आणि मागच्या बाकावरच्या एका निवासी डॉक्टरने विचारले, “मॅडम, दोन महिन्यांपूर्वी आलेल्या पेपरला इतके सायटेशन कसे?” तेव्हापासून मी चित्र काढण्याआधी तक्त्यातील कोणत्याही दहा ओळी घेऊन त्यांतील दोन लेखांची वर्षे ताडून पाहते. पहिल्या स्तंभातील लेख जुना आणि दुसऱ्यातील नवा निघाला, की स्तंभ उलटे झाले आहेत असे समजावे.

नावांच्या बाबतीतही काळजी घ्यावी. ‘बावस्कर एच. एस.’ आणि ‘बावस्कर पी. एच.’ या एकाच विषयावर एकत्र लिहिणाऱ्या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. लेख ओळखण्यासाठी लेखकाचे नाव न वापरता पबमेड क्रमांक किंवा डीओआय वापरावा, म्हणजे हा घोळ होत नाही.

चित्र काढण्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. गेफी (तशीच दुसरी प्रणाली) किंवा व्हीओएसव्ह्यूअर यांपैकी जे संगणकावर चालेल ते घ्यावे. वर्तुळाचा आकार आत येणाऱ्या बाणांच्या संख्येवर ठेवावा आणि आडव्या अक्षावर वर्ष मांडावे. शंभर गाठींपेक्षा मोठे चित्र प्रबंधाच्या पानावर वाचता येत नाही, फक्त छान दिसते.

लेखांवर खुणा: एक वाक्य जवळून

आता प्रत्येक लेखाचा सारांश वाचून त्यातील वस्तूंवर खुणा करायच्या आहेत. आपल्या कामासाठी चार प्रकार पुरतात: विंचवाची जात, औषध, आजार किंवा लक्षण, आणि रुग्णगट. प्रत्येक खुणेत तीन गोष्टी लिहाव्यात: लेखातील नेमके शब्द, प्रकार, आणि ठरलेला क्रमांक. क्रमांक म्हणजे आजार व औषधांसाठी मेशचा आणि जातींसाठी एनसीबीआय (अमेरिकेचे राष्ट्रीय जैवतंत्रज्ञान माहिती केंद्र) या संस्थेच्या टॅक्सॉनॉमीचा, म्हणजे सजीवांच्या वर्गीकरणसूचीचा. शब्द बदलले तरी वस्तू एकच असल्याचे या क्रमांकामुळे कळते.

असे एक वाक्य घेऊ: ‘लाल विंचवाच्या दंशानंतर प्राझोसिन दिलेल्या मुलांत तीव्र फुप्फुस-सूज आढळली नाही.’ ‘लाल विंचू’ ही जात झाली, ‘प्राझोसिन’ हे औषध आणि ‘मुले’ हा रुग्णगट. खरा प्रश्न येतो तो ‘तीव्र फुप्फुस-सूज’ या शब्दांपाशी. खूण ‘तीव्र’पासून सुरू करायची की ‘फुप्फुस’पासून? एकाने एक केले आणि दुसऱ्याने दुसरे, तर शेवटी दोघांचे जुळणार नाही. नियम कोणताही चालेल, पण तो आधी ठरवून लिहिलेला हवा. मी विशेषण सोडून देते, कारण क्रमांक देताना ते बहुधा गळूनच पडते. दुसरी अडचण ‘आढळली नाही’ या शब्दांची. आजाराचे नाव वाक्यात आहे, म्हणून खूण करायचीच, पण शेजारच्या रकान्यात ‘नकार’ असे लिहायचे. हा रकाना नसेल, तर पुढे मोजदाद करताना हा लेख फुप्फुस-सूज झालेल्यांच्या बाजूला जाऊन बसतो.

संक्षेपांपाशी थांबून विचार करावा. भारतीय लेखांत ‘एएसव्ही’ म्हणजे सर्पविषावरील प्रतिविष, हे आपल्याला सांगावे लागत नाही. आतड्यातील जिवाणूंवरच्या लेखांत मात्र तोच संक्षेप एका जनुकीय अनुक्रमासाठी येतो आणि झोपेच्या विकारांवरच्या लेखांत श्वसनयंत्राच्या एका पद्धतीसाठी. संक्षेपाचा विस्तार त्याच लेखात सापडल्याशिवाय त्याला क्रमांक देऊ नये.

यंत्राची मदत घ्यावी का? जरूर घ्यावी. ‘पबटेटर’ हे साधन पबमेडमधील सारांशांवर जनुके, आजार, रसायने आणि जाती यांच्या खुणा आधीच करून देते. अशी साधने ज्या नमुनासंग्रहांवर घडवली आणि तपासली जातात, तेही माणसांनी असेच वाक्यागणिक वाचून केलेले आहेत. आजारांच्या नावांचा एनसीबीआयचा संग्रह ७९३ सारांशांचा आहे आणि त्यात ६,८९२ खुणा आहेत. रसायने व आजारांचा ‘बीसी-५-सीडीआर’ हा संग्रह १,५०० सारांशांचा आहे. मात्र पहिले वीस सारांश यंत्राच्या खुणा न पाहता स्वतः वाचावेत. तयार खुणा समोर असल्या, की आपण मास्तरांनी तपासलेली वही चाळावी तशी नुसती मान हलवत पुढे जातो.

विंचवाच्या जातीचे काम मात्र मी यंत्रावर सोडत नाही, आणि त्याचे कारण आपल्या दाव्याच्या मुळाशी आहे. ट्युनिशियातील १९९९ च्या चाचणीने, आजाराची तीव्रता न पाहता सरसकट प्रतिविष दिल्याने फायदा होत नाही, असा निष्कर्ष काढला. अ‍ॅरिझोनातील २००९ च्या चाचणीत प्रतिविषाने अत्यवस्थ मुले झपाट्याने सुधारली. महाडच्या २०११ च्या चाचणीत प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले, तर केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८. नुसते जाळे पाहिले, तर हा एक जुना वाद वाटतो: एक नाही म्हणतो, दोघे हो म्हणतात. आता गाठींना जातीप्रमाणे रंग द्या. ट्युनिशियात अँड्रॉक्टोनस ऑस्ट्रॅलिस आणि ब्यूथस ऑक्सिटॅनस, अ‍ॅरिझोनात सेंट्रुरॉइड्स, आणि महाडला भारतीय लाल विंचू. विष वेगळे, प्रतिविष वेगळे. अ‍ॅरिझोनात मज्जासंस्थेची लक्षणे पुढे होती, तर आपल्याकडे हृदय व रक्तदाबाची. रुग्णही वेगळे: तिकडे सरसकट सर्व किंवा अतिदक्षता विभागातील मुले, इकडे ठरावीक लक्षणे असलेले. तिघांनी तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली होती, आणि एकाच दाव्याखाली त्यांना एकत्र बांधले ते नंतरच्या आढावा लेखांनी.

त्यात ‘ब्यूथस’ या नावाचा सापळा आहे. आपल्या लाल विंचवाचे जुने नावही ‘ब्यूथस’नेच सुरू होत होते. सारांशात नुसते ‘ब्यूथस’ लिहिलेले असेल, तर तो ट्युनिशियाचा की जालन्याचा हे देश पाहिल्याशिवाय ठरवू नये.

बाणांवर खुणा

हा सर्वांत कष्टाचा भाग आहे आणि बहुतेक प्रबंधांत तो गाळलेला असतो. प्रत्येक बाणासाठी नाव घेणाऱ्या लेखातील ते वाक्य शोधायचे, तक्त्यात उतरवायचे आणि त्याला एक शिक्का द्यायचा. बाणांच्या प्रकारांचे तपशीलवार शब्दसंग्रह उपलब्ध आहेत, पण प्रबंधासाठी मी पाचच शिक्के वापरायला सांगते: समर्थन, विरोध, पद्धत, पार्श्वभूमी आणि विपर्यास.

पाचव्या शिक्क्यासाठी मूळ लेख उघडावाच लागतो. महाडच्या चाचणीचेच पाहा. तिचा मुख्य निकष दहा तासांत लक्षणे पूर्ण जाणे हा होता. समजा एखाद्या लेखात वाक्य आले की ‘प्रतिविषामुळे विंचूदंशातील मृत्यू कमी होतात’ आणि पुढे या चाचणीचा क्रमांक दिला आहे. चाचणी फायद्याची आहे, वाक्यही फायद्याचे आहे, म्हणून घाईत ‘समर्थन’ असा शिक्का बसतो. पण मृत्यू हा त्या चाचणीचा मुख्य निकष नव्हता, म्हणून हा बाण विपर्यासाचा आहे. अ‍ॅरिझोनाची चाचणी लाल विंचवासाठी पुरावा म्हणून दिली असेल, तर तोही विपर्यासच, फक्त जातीचा. शेजारी ‘निकष’, ‘जात’ किंवा ‘रुग्णगट’ असे कारण लिहून ठेवावे.

रुग्णगट निसटला की काय होते, याचे उदाहरण वैद्यकात गाजलेले आहे. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १९८० साली पाच वाक्यांचे एक पत्र आले: रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामके दिलेल्या रुग्णांत व्यसन जडणे दुर्मीळ असते. २०१७ मध्ये त्या पत्राकडे येणारे ६०८ बाण तपासले गेले. त्यांपैकी ४३९ लेखांनी ते व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरले होते, आणि ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते, एवढी साधी गोष्ट ४९१ लेखांनी नोंदवली नव्हती.

न वाचता नाव घेण्याची एक ठळक खूण म्हणजे छपाईची चूक. पान क्रमांक एकाने चुकीचा लिहिला आणि पुढच्या चौघांनी नेमका तोच चुकीचा क्रमांक लिहिला, तर त्यांनी यादी उतरवून घेतली, असे मानायला जागा आहे. सिमकिन आणि रॉयचौधरी यांनी २००३ मध्ये अशाच पुनरावृत्त चुका मोजून, मूळ लेख वाचून संदर्भ देणारे साधारण २० टक्केच असावेत, असा अंदाज बांधला होता. तक्त्यात यासाठी वेगळा रकाना ठेवावा. भरायला वेळ लागत नाही, आणि खरे सांगायचे तर या रकान्यात मन रमते.

दोघांनी वाचावे, आणि जुळते का ते पाहावे

एकट्याने केलेल्या खुणा म्हणजे एकट्याचे मत. किमान शंभर बाण दोघांनी एकमेकांना न विचारता वाचावेत. सहकारी निवासी डॉक्टर चालेल, गाइड नको, कारण गाइडपुढे मतभेद उरत नाहीत.

जुळणी मोजताना टक्केवारीवर थांबू नये. समजा शंभर बाणांपैकी ५ दोघांनीही ‘विपर्यास’ ठरवले आणि ८५ दोघांनीही ‘विपर्यास नाही’ ठरवले. उरलेल्या १० पैकी ५ फक्त पहिल्याला विपर्यास वाटले आणि ५ फक्त दुसऱ्याला. जुळणी ९० टक्के, म्हणजे उत्तम वाटते. पण दोघांनीही १० टक्के बाणांनाच विपर्यास म्हटले आहे. डोळे मिटून त्याच प्रमाणात शिक्के मारले असते, तरी ०.१ गुणिले ०.१ अधिक ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ८२ टक्के आपोआपच जुळले असते. कोहेन यांचा १९६० चा कप्पा हा आकडा हे योगायोगाचे जुळणे वजा करतो: ०.९० मधून ०.८२ वजा करून उरलेल्या ०.०८ ला ०.१८ ने भागले की ०.४४ येते. ही जुळणी मध्यमच म्हणायची. ज्या शिक्क्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच दोघांना वेगळा दिसतो आहे.

अशा वेळी त्या दहा बाणांची वाक्ये समोरासमोर बसून वाचावीत, नियमांच्या कागदात एक-दोन ओळी वाढवाव्यात आणि नव्या पन्नास बाणांवर पुन्हा मोजावे. जुन्याच बाणांवर पुन्हा मोजले, तर आकडा सुधारतो, पण तो आठवणीने सुधारलेला असतो. प्रबंधात पहिला आकडाही लिहावा आणि दुसराही.

प्रबंध जमा करण्याच्या आठवड्यात सर्व गाठींचे क्रमांक मागे घेतलेल्या लेखांच्या यादीशी एकदा ताडून पाहावेत. ‘रिट्रॅक्शन वॉच’ची नोंदसूची २०२३ मध्ये क्रॉसरेफकडे आली आणि सर्वांसाठी खुली झाली, त्यामुळे हे काम आता पाच मिनिटांचे आहे. मागे घेतलेला लेख जाळ्यातून पुसून टाकू नये. त्याची गाठ राखाडी रंगात ठेवावी, मागे घेतल्याचे वर्ष लिहावे आणि त्या वर्षानंतर त्याच्याकडे आलेले बाण वेगळे मोजावेत. तक्ता, नियमांचा कागद आणि शोधाची वाक्ये ग्रंथालयात प्रबंधाच्या सीडीबरोबर जमा करावीत. पुढच्या मे महिन्यात याच विषयावर येणाऱ्या विद्यार्थ्याला मी आधी तोच तक्ता उघडून देते आणि नव्या वर्षाचे बाण जोडायला सांगते.